बत्तीस नंबरचा आवाज

आमच्या घरात एक कॅसेट होती आणि ती मी खराब केली, हे मला वयाच्या आठव्या वर्षापासून ठाऊक होतं. कुणी सिद्ध केलं नव्हतं. ताईने सांगितलं होतं, आणि ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी असल्यामुळे सिद्ध करायची गरज नव्हती.

आई जाऊन महिना झाला होता. बाबांच्या कपाटात ताईला ती कॅसेट सापडली. वर बाबांच्या वळणदार अक्षरात ‘आईचा आवाज’ आणि कोपऱ्यात ३२. ते आईचं वय असावं, म्हणजे चार वर्षांपूर्वीची कॅसेट, असा हिशेब ताईने लगेच मांडला. दार लावून आम्ही टेपरेकॉर्डर मध्ये घेऊन बसलो. बटण दाबलं आणि आतून किंचाळी आली. कर्रर्र, मग बारीक टीटीटीटी, पुन्हा कर्रर्र. आई कुठेच नव्हती. दुसरी बाजू कोरी.

ताईने माझ्याकडे पाहिलं. त्या सुट्टीत मी त्याच टेपरेकॉर्डरवर बातम्या द्यायचे. हाताला लागेल ती कॅसेट घालायची, लाल बटण दाबायचं आणि घसा साफ करायचा.

“तूच पुसलंस,” ती म्हणाली.

मला काही आठवत नव्हतं. पण माझं तेव्हाचं एकंदर कर्तृत्व बघता मीच केलं असणार, हे मलाही पटलं. मी भोकाड पसरणार तोच तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. “बाबांना कळता कामा नये. त्यांना सोसणार नाही.” मग कॅसेट माझ्या हातात कोंबली. “तुझ्याकडेच ठेव ही.”

अळीमिळी गुपचिळी. मी ठेवली. वसतिगृहाच्या ट्रंकेत, भाड्याच्या खोल्यांमध्ये, लग्नानंतरच्या कपाटात, शेवटी माझ्या दवाखान्याच्या मागच्या खोलीतल्या टेबलाच्या खणात. मी दातांची डॉक्टर आहे. माझ्यासमोर दिवसभर लोक तोंड उघडतात, मी मात्र या बाबतीत बेचाळीस वर्षं उघडलं नाही. ताईनेही विषय पुन्हा काढला नाही. फक्त तिने माझ्या हातात कधी काही नाजूक दिलं नाही. काचेचं भांडं असो की तिचं तान्हं बाळ, “तुझ्या हातात काही दिलं की...” एवढंच म्हणायची आणि वाक्य तिथेच सोडायची. गेल्या वर्षी बाबा गेले तेव्हा फोटोंचे अल्बम तिने नेले, माझ्याकडे आला त्यांचा सिंथेसायझर, विजेवर आवाज घडवणारी पेटी. तो जड होता आणि तसाही बंद पडलेला होता.

बाबा बँडमध्ये वाजवायचे. हा सिंथ त्यांनी नवाकोरा घेतला तेव्हा घरात आठवडाभर दुसरं काही बोललंच गेलं नाही. आई शिवणकाम करायची. ती त्याला ‘माझी सवत’ म्हणायची आणि सवतीसाठी मापं घेऊन कापडाची खोळही तिनेच शिवली. बाबा आम्हाला समोर बसवून शिकवायचे. “हा ऑसिलेटर, म्हणजे गळा. नुसता ओरडतो. हा फिल्टर, म्हणजे तोंड. मिटलं की गुणगुण, उघडलं की आ. आणि हा एन्व्हलप, म्हणजे श्वास. आवाज कसा सुरू होतो, किती टिकतो, कसा विरतो, ते हा ठरवतो.” नॉब फिरवून त्यांनी बसवलेल्या प्रत्येक रचनेला ते ‘आवाज’ म्हणायचे. पाठीमागे पाच भोकांची दोन गोल सॉकेटं होती. त्यांना एमआयडीआय म्हणतात, एवढंच बाबांना ठाऊक होतं. “ही पुढच्या काळासाठी,” ते म्हणायचे. पुढे कधी त्यांनी त्यात काही लावलं नाही.

आई गेल्यावर ते दुपारी हेडफोन लावून सिंथसमोर बसायचे आणि एकच पट्टी दाबून धरायचे. आम्हाला वाटायचं सूर जुळवताहेत.

तर हा सिंथ मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत ठेवला, प्लॅस्टरच्या जबड्यांच्या फळीखाली. त्याच्याही चार पट्ट्या तुटलेल्या, म्हणजे पेशंट योग्य ठिकाणी आला होता. एका रविवारी मी रेडिओकाकांना बोलावलं. ते बाबांचे मित्र, बँडची सगळी उपकरणं तेच दुरुस्त करायचे. आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे, पण हात अजून स्थिर आहे आणि जीभ अजून तिखट.

“याची आठवण एका सेलवर चालते,” झाकण उघडत ते म्हणाले. “सेल मेला की आठवण गेली. माणसाचं बरं, थोडं थोडं जातं.” त्यांनी जुना सेल काढून नवा जोडला. “हे काम मी एकदा आधीही केलंय, तू नववीत असशील. तेव्हाही सगळे आवाज गेले होते. तुझा बाप याच्यासमोर बसला होता, चेहरा असा की मला वाटलं घरात पुन्हा कुणी गेलं.”

“आवाज जातात म्हणजे?”

“त्याने बसवलेले. बत्तीस घरं असतात यात, प्रत्येकात एक. त्याने ते कॅसेटवर उतरवून ठेवले होते म्हणे. कॅसेट काही मिळाली नाही.”

माझा हात खणाकडे गेला नाही. अजून नाही. चोराच्या मनात चांदणं असतं, तसं माझ्या मनात बेचाळीस वर्षं होतंच, पण हे कुठलं चांदणं ते कळायला वेळ लागला. “काका, आवाज कॅसेटवर उतरवले तर ऐकायला कसे येतात?”

“ऐकायला? ते माणसाने ऐकायचं नसतं. यंत्राने यंत्राला सांगितलेले आकडे असतात. कुठला नॉब किती फिरवलाय, एवढंच. आपल्याला ऐकू येतं ते असं.” आणि त्या म्हाताऱ्याने, तोंडात पुरते दहा दात असताना, हुबेहूब काढून दाखवलं. कर्रर्र. टीटीटीटी. कर्रर्र.

मी खण उघडला आणि कॅसेट त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

“ही त्याने दोन वर्षं शोधली गं पोरी,” ते म्हणाले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण कळसा काखेत लपवणारी मी होते. बाबांनी दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा जेवताना. “माझी एक कॅसेट होती, कुणी पाहिली का? आईचा आवाज होता त्यात.” ताईने माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघी एकदम नाही म्हणालो. आवाज म्हणजे आईचं बोलणं, असंच आम्ही समजत होतो. तो सिंथचाही असू शकतो, हे त्या घरात वाढूनही आम्हाला सुचलं नाही. दुसऱ्यांदा त्यांनी वसतिगृहात फोन केला होता. “चुकून तुझ्या सामानात गेलीय का बघ.” मी बघितलंही नाही. कुठे आहे ते मला माहीत होतं. “नाही बाबा,” म्हटलं. “बरं बरं,” म्हणाले आणि अभ्यासाचं विचारलं.

मी रडले. दवाखान्यात लोक रडतात त्याची मला सवय आहे, स्वतःची नव्हती. रेडिओकाकांनी मला रडू दिलं आणि मग म्हणाले, “चला डॉक्टरीणबाई, ऑपरेशन आहे.”

कारण कॅसेट खरोखरच मरायला टेकली होती. फितीला टेपरेकॉर्डरच्या हेडवर दाबून धरणारी लोकरीची इवलीशी गादी गळून पडली होती आणि फीत काही जागी आतल्या आत चिकटली होती. तशीच वाजवली असती तर ती गुंतून तुटली असती. काकांनी माझ्याकडे ढकलली. “मला एवढं बारीक दिसत नाही. तूच उघड.”

“माझ्या हातात काही दिलं की...” मी म्हणाले.

“की काय?”

वाक्य पुढे कसं जातं ते मलाही माहीत नव्हतं. मी दिवा खाली ओढला, भिंग डोळ्यांवर चढवलं. पाच बारीक स्क्रू काढले. दुसऱ्या एका जुन्या कॅसेटमधली गादी चिमट्याने उचलून थेंबभर गोंदावर बसवली. चिकटलेली फीत दाताच्या मुळाच्या नळीत घालायच्या सुईने वेढा वेढा सोडवली. आठव्या वर्षी हिला मी खराब केलं नव्हतं, पण आता करू शकत होते, आणि यावेळी साक्षीदारही होता. पाऊण तास गेला. पेशंटचा नव्हे, माझाच जबडा दुखायला लागला.

काका म्हणाले, “एकदाच वाजवायची. ती कॉम्प्युटरवर घेऊ, मग यंत्राला कॉम्प्युटरवरून ऐकवू.” किंचाळी खोलीभर पसरली. त्या किंचाळीला मी आयुष्यभर घाबरले होते. आता प्रत्येक टीटीटीला वाटत होतं, तुटू नकोस, अजून थोडं, अजून थोडं. ती पूर्ण झाली. मग वायर सिंथच्या मागे, कॅसेटच्या सॉकेटात. पहिल्यांदा यंत्राने नकार दिला, आवाजाची पातळी कमी होती. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा लाल आकडे लुकलुकले आणि स्थिर झाले.

“बत्तीस दाब, कॅसेटवर लिहिलेलं घर,” काका म्हणाले. माझ्या धंद्यात बत्तीस म्हणजे पूर्ण तोंड. मी दाबलं आणि मधली एक पट्टी खाली धरली.

आई शिवताना टाचण्या ओठांत धरायची. त्यामुळे तिला गाता यायचं नाही, ती मिटल्या ओठांनी गुणगुणायची. आवाज लगेच सुरू व्हायचा नाही, आधी थोडा श्वास, मग नाकातून हळूच वर यायचा आणि शेवटाला किंचित थरथरायचा. ते सगळं त्या पट्टीखाली होतं. तोंड मिटलेला फिल्टर. सावकाश चढणारा श्वास. शेवटची थरथर. फळीवरचे प्लॅस्टरचे जबडे सोडले तर खोलीत आम्ही दोघंच होतो आणि दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

मी पट्टी सोडली, पुन्हा दाबली. बाबा करायचे तसंच.

पण एका पट्टीने आई पुरी होत नव्हती. तिची एक ठरलेली चाल होती, आणि ती मला येत नव्हती. मी लहान होते. ताईला येत होती.

मी फोन लावला. ताई दूर असते, मुलांना संगीत शिकवते. तिला सगळं सांगितलं, एका दमात, ती मध्ये बोलू नये म्हणून.

“बाबांनी विचारलं होतं ना गं आपल्याला?” ती म्हणाली.

“हो. मला दोनदा.”

“मला वाटायचं, मी त्यांना जपतेय.” मग तिला रडू फुटलं. “आणि तुला मी... बारके, तू आठ वर्षांची होतीस गं.”

“ताई, नंतर रडू. आधी ती चाल पाठव.”

“फोनवर गुणगुणू?”

“तुझं गुणगुणणं नको, तुझी बोटं पाठव.” रेडिओकाकांनी मला नुकतंच शिकवलं होतं, तेच मी शहाण्यासारखं पुढे सांगितलं. एमआयडीआयच्या वायरीतून आवाज जात नाही, नुसता निरोप जातो. कुठली पट्टी, कधी दाबली, कधी सोडली. आवाज ज्याचा तो काढतो. “तुझ्या कीबोर्डवर वाजव, कॉम्प्युटरवर घे आणि फाइल पाठव. तू वाजवशील, आई गुणगुणेल.”

“किती जोरात दाबली तेही जातं,” ताई म्हणाली. शेवटी शिक्षिका.

“हे यंत्र जुनं आहे, त्याला जोर कळत नाही. कितीही रागाने वाजव.”

अर्ध्या तासाने फाइल आली. पाच भोकांच्या सॉकेटात पहिल्यांदाच वायर बसली. वाजवलं तर शांतता. ताईने निरोप दुसऱ्या चॅनेलवर पाठवला होता आणि आमचं म्हातारं यंत्र फक्त पहिल्या चॅनेलवर ऐकतं. “तुमच्या घरची पद्धतच आहे ही,” काका पुटपुटले. मी चॅनेल बदलला.

आणि आई गुणगुणायला लागली. पट्ट्या जागच्या हलत नव्हत्या, कुणी बसलेलं नव्हतं, चाल मात्र चालली होती. मध्येच ती थांबली. मला वाटलं फाइल बिघडली. मग आठवलं. तिथे आई ओठांतून टाचणी काढून कापडाला लावायची. ताईने ती जागा मोकळी सोडली होती. दोन क्षणांनी चाल पुन्हा सुरू झाली.

सिंथच्या खोळीच्या खिशात मला बाबांची वही मिळाली होती. ती मी तेव्हा उघडून पाहिली. पानोपानी नॉबचे आकडे. तारखा नववीच्या वर्षापासून सुरू होऊन पार गेल्या दशकापर्यंत. प्रत्येक प्रयत्नाखाली शेरा. ‘नाकात कमी.’ ‘फार उघडा.’ ‘जवळ. पण नाही.’ शेवटचा प्रयत्न एकशे अठरावा होता, अक्षर कापरं. ‘जवळ. पण नाही.’

मी आताचे आकडे त्याखाली उतरवून काढले आणि लिहिलं, ‘हाच.’ बाबा, मला क्षमा करा, असंही लिहिणार होते, पण ती वही आवाजाची होती.

संध्याकाळी ताईला फोन केला. दोन्ही बाजूंनी नाकं ओढून झाल्यावर मी म्हणाले, “कॅसेट तुझ्याकडे पाठवते. तुझ्याजवळ नीट राहील.”

“नको,” ती म्हणाली. “तुझ्याकडेच ठेव.”

मी कॅसेट हातात घेतली.

“तुझ्या हातात काही दिलं की...” ताई म्हणाली आणि सवयीने थांबली. मग तिने ते वाक्य बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा पूर्ण केलं. “टिकतं गं.”