दुसरा मासा

मी एक जुना चिमटा आहे. मित्रांनो, आधी मोजदाद सांगतो, म्हणजे घोळ नको. टेबलावर एक जपानी किल्ला होता, पाच मजली, छत्तीस सेंटिमीटर उंच. त्याच्या छपरांवर जाड कागदाची तीन हजार आठशे बहात्तर कौलं, शेजारच्या इवल्या देवळावर सहाशे चार. एकेचाळीस झाडं, एक पूल, पुलावर नऊ माणसं. आणि काडेपेटीत कापसावर दोन पितळी मासे, प्रत्येकी चार मिलिमीटर लांब. तिकडच्या किल्ल्यांच्या सगळ्यात वरच्या आढ्यावर, दोन्ही टोकांना, शेपटी उंचावलेले असे मासे असतात. ते आगीपासून राखण करतात, अशी तिथली समजूत.

माझे मालक घड्याळजी होते. दुकान बंद केल्यावर त्यांनी हा किल्ला बांधायला घेतला. श्वास सोडायचा, थांबायचं, कौल ठेवायचं, मग श्वास घ्यायचा. असं सात वर्षं चाललं. काम संपलं की ते माझी टोकं पुसून त्यांवर रबरी टोपी चढवत. "हा चिमटा नाही, माझं सहावं बोट आहे," असं पाहुण्यांना सांगत.

"अहो, जपानची गळती थांबली असेल, तर आपल्या न्हाणीघराच्या छपराकडेही बघा जरा!" त्यांची बायको म्हणायची.

"तिथली कौलं फार मोठी गं. माझ्या हाताला सवय नाही."

"घरात एक चिमी, एक चिमटा. मला विचारतंय कोण!" चिमी म्हणजे त्यांची मुलगी.

घड्याळजींची चूक एकच झाली. वरचं आढं सुटं करून, मासे बसवून, मग किल्ल्यावर चढवता आलं असतं. जाणती माणसं नाजूक काम आधी उरकतात. पण ते म्हणाले, "शेवटचा घास गोड हवा," आणि मासे राखून ठेवले.

हाताची थरथर आधी मला कळली, मग त्यांना, मग डॉक्टरांना. पहिला मासा अकराव्या खेपेला बसला. दुसरा बसेना.

"द्या इकडे," बायको म्हणाली. "मी न बघता सुईत दोरा ओवते."

"नको. दोन माणसांच्या हातचं काम वेगवेगळं दिसतं."

त्या दिवशी त्यांनी मला पुसलं नाही, टोपीही घातली नाही. हत्यारांच्या पेटीत टाकलं आणि वर हातोडी टाकली. मी तिच्याखाली दोन वर्षं पडून होतो.

पेटी उघडली ती चिमीने. घड्याळजी अंथरुणाला खिळले होते. किल्ला उशाशी स्टुलावर होता. आता त्यांना एवढंच हवं होतं, दुसरा मासा जागेवर बसलेला बघायचा.

"बसवते, बाबा."

"माझ्याच... चिमट्याने."

चिमीने मासा शेपटीला धरून उचलू पाहिला. निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला.

"आता तरी मला देता का?" बायकोने विचारलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मित्रांनो, तिचा हात जराही हलत नव्हता. मासा तरीही निसटला.

चिमी चप्पल घालू लागली. "नवा चिमटा आणते, बाबा. थांबा हं."

"मी... कुठे पळतोय?"

ती पन्नास मिनिटांनी परतली. आईच्या तळहातावर मासा तसाच होता.

"चिमे," आई म्हणाली, "पिशवी ठेव खाली." घड्याळजी गेले होते.

आठवडाभराने आईने नव्या चिमट्याने मासा बसवला. पहिल्याच खेपेला. दोन्ही मासे मी खूप वेळ पाहिले. कुठला कुणाच्या हातचा, ते मला ओळखता आलं नाही.

मित्रांनो, रागावलात तरी अवजार पुसून ठेवा, टोकांवर टोपी घाला. आणि कुणी "द्या इकडे" म्हणालं, तर वेळेवर द्या.

नंतर चिमीने मला भिंगाखाली धरलं, पूर्ण दाबलं आणि मोजून वहीत लिहिलं. टोकांमध्ये उरलेली फट: चार दशांश मिलिमीटर. माशाच्या शेपटीची जाडी: तीन दशांश मिलिमीटर.