घट्ट रक्त

"साखर छान आहे हो तुमची, आजी. पण चरबी फार आहे."

मी खुर्चीतून उठलेच. "कोणाला म्हणतेस गं?"

डॉक्टरीणबाई कालची पोर. कागदात डोकं घालून बोलत होती. माझ्या तोंडाकडे बघून बोलली असती तर तिथेच थांबली असती. शेजारी बसलेल्या माझ्या सुनेने हळूच माझं कोपर दाबलं.

"रक्तातली चरबी म्हणतेय मी, आजी."

"रक्तातली असो नाहीतर डोक्यातली. माझ्याकडे बघ जरा. काडीला कपडे घातल्यासारखी मी. स्वतःचेच कपडे शिवून परत आत घ्यावे लागतात. चरबी बघायची तर ही बघ, माझ्या शेजारी बसलीय."

सून बिचारी हसली. "माझं रक्त तपासलंय, आई. चांगलं निघालं."

म्हणजे बघा!

पोर चिवट होती. म्हणाली, "बारीक माणसालाही असते, आजी. मधुमेह असला की साखर ताब्यात असूनही चरबी वाढू शकते. रक्तवाहिन्यांना आतून थर बसतो. चालताना पाय दुखतात का?"

"चालायला वेळ कोणाला आहे? शिलाईचं मशीन मारताना पोटरी धरते. थांबलं की सुटते. वय झालं."

"वय नाही ते. पायाला रक्त पुरत नाहीये, असं वाटतंय मला. तपासून घेऊ. आज पाय आहे, उद्या हृदय असेल. रोज एक गोळी घ्यायची, कायमची."

"साखरेची घेते ती बास झाली," म्हटलं आणि निघाले.

'चरबी' या शब्दाशी माझं जुनं वैर. लग्न होऊन आले त्याच वर्षी मी पुढच्या खोलीत मशीन मांडलं. सगळे जेवायला बसलेले असताना सासूबाई म्हणाल्या, "चरबी चढलीय हिला." आमचे हे म्हणजे गरीब गाय, आईपुढे मान वर केली नव्हती कधी. त्या दिवशी ताटावरून उठले. म्हणाले, "आई, हा शब्द या घरात पुन्हा नको." एवढंच. परत बसले आणि जेवायला लागले. पुढे सासूबाई गेल्या, पण तो शब्द काही घरात परत आला नाही. त्याच मशीनवर मी घर ओढलं, मुलाचं शिक्षण केलं. आता कालची पोर येऊन म्हणणार, गोळी घ्या. गोळी घेतली म्हणजे सासूचं म्हणणं कबूल केलं की!

घरी येऊन शाळेचे गणवेश पुढे ओढले. जरा वेळ मशीन मारलं तर पोटरी धरली. थांबले. परत मारलं. मागे सून कॉलरना इस्त्री करत होती.

"आई, एक सांगू? रागावू नका."

"ते ऐकल्यावर ठरवते."

"बाबांनाही होती."

"काय होती?"

"तीच."

"तीच म्हणजे कोण? सवत?"

सून हसली नाही. इस्त्री उभी करून ठेवली. "तो शब्द. तपासणीत साखरेबरोबर ती पण निघाली होती. मीच गेले होते ना त्यांच्याबरोबर? गोळ्यासुद्धा दिल्या होत्या. बाहेर आल्यावर मला म्हणाले, घरी विचारलं तर रक्त घट्ट झालंय म्हणून सांग. तुझ्या सासूच्या कानावर तो शब्द नको."

माझा पाय मशीनच्या पायडलवर तसाच राहिला.

आठवलं मला. हे दारात चपला काढताना म्हणाले होते, "रक्त जरा घट्ट आहे म्हणतात." मी कापडावर कात्री चालवत होते. म्हटलं, "बरंच की! पातळ असून काय उपयोग? टीपसुद्धा घट्टच टिकते." हे हसले. गोळ्या संपल्या, पुन्हा आणल्या नाहीत. घट्ट रक्ताला कोण घाबरतं? साखर तेवढी मी त्यांची डोळ्यांत तेल घालून सांभाळली. आणि एका दुपारी, बटणं लावता लावता, समोरच्या खुर्चीत हे गेले. छातीत कळ नाही, हाक नाही. मला वाटलं, डोळा लागला. सुई त्यांच्या बोटांत तशीच होती. "साखर तर उत्तम होती हो," असं मी येईल त्याला सांगत राहिले.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्यापुढे तो शब्द काढायची कोणाची टाप होती, आई?"

खरं होतं. खोटं बोलणारी सून नाही माझी.

"इस्त्री बंद कर. चपला घाल."

"कुठे जायचंय?"

"त्या पोरीकडे."

दवाखाना माणसांनी भरलेला. ती दारात उभी राहून पुढच्याला हाक मारत होती. मी लांबूनच म्हटलं, "लिही ती गोळी."

"कोणती हो, आजी?"

"चरबीची. चरबी आहे मला. माझ्या सासूने पहिल्याच वर्षी ओळखली होती, तुला रक्त काढावं लागलं."

सगळे हसले. कोपऱ्यातला एक गृहस्थ मात्र गंभीरच. म्हणाला, "साखर मलाही आहे. पण या चरबीचा विषय कोणी काढलाच नाही."

"मग तुम्ही काढा विषय. तोंड शिवलंय का तुमचं?"

संध्याकाळी जेवायला बसलो. मी गोळी तळहातावर घेतली. मुलगा म्हणाला, "ही कसली नवी गोळी, आई?"

सुनेने मान खाली घातली.

"चरबीची," मी म्हटलं. चांगलं मोठ्याने, पार मागच्या खोलीत ऐकू जाईल असं.

मुलाचा घास हातातच राहिला. मी समोरच्या, यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. जरा वेळ वाट पाहिली.

ताटावरून कोणी उठलं नाही.

मग मी गोळी गिळली आणि वर पाणी प्यायले.