चन्नम्मानं नाव घेतलं

चन्नम्माचं डोकं सकाळपासनं तापलेलं, आणि का तापू नये? निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वरीस. ओढ्याकाठच्या विहिरीवर त्याच्या बंदूकवाल्यांनी तळ ठोकला, बायांचं पाणी बंद झालं. मग गावानं घरटी एक गडी काढून गावातच नवी विहीर खणायला घेतली. म्होरक्या तिचा सासरा, सिद्रामप्पा. त्यानं बोट ठेवलं तिथं पाणी लागलं नाही, असं कधी झालं नव्हतं. तेवढा मान चन्नम्माही द्यायची. पण पाणी हेरणं वेगळं आणि काठ राखणं वेगळं, हे म्हाताऱ्याला सांगावं कुणी?

तिच्या माहेरी, कानडी मुलखाकडच्या काळ्या रानात, विहिरीचं तोंड आधी रुंद घेत आणि काठ उतरता सोडत. इथं सरळ उभा खड्डा! नव्या सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, म्हणून भाकरी घेऊन आली की ती काठावरच्या बैलालाच सांगायची, "बैला, माती भेगाळलीय. काठ तासा म्हणावं."

सिद्रामप्पाही बैलालाच उत्तर द्यायचा, "बैला, काल आलेल्या पोरीला सांग, रुंद खांदत बसलो तर दुप्पट माती उपसावी लागंल. तवर गाव काय थुंकी गिळून ऱ्हाईल?"

गडी खिदळायचे. चन्नम्माच्या अंगाची लाही व्हायची, कारण खाली खड्ड्यात तिचा नवरा बसवराज होता.

त्या दुपारी ती आली तर काठावरच्या भेगेत मूठ जाईल एवढी फट! खाली बसवराज आणि दोन गडी वाकून खांदत होते.

"अवो! सरका तिकडं!" ती ओरडली.

आता गावातला प्रत्येक नवरा 'अवो'च. कुणाची बायको बोलावतेय ते बघायला तिघांनी माना वर केल्या, जागचं मात्र कुणी हललं नाही. माती भुरुभुरु गळू लागली.

"बसवराज! पळ!"

बायकोच्या तोंडून आपलं नाव! दचकून त्यानं पलीकडं उडी घेतली, त्याच्या मागं दोघांनी. धाडकन काठ कोसळला. टिकाव-फावडी गाडली गेली, माणसं तेवढी वाचली.

लेक वाचला, तरी सिद्रामप्पाचं तोंड गप्प बसतंय का? "नवऱ्याचं नाव? भर गावात? लाज कोळून प्यालीस व्हय गं?"

"व्हय, घेतलं! न्हाय तर त्याच नावानं आता हंबरडा फोडला असता म्या. आन् तुमचंबी घेते. सिद्रामप्पा! पाणी तुमी दावलं, कोण न्हाय म्हणतंय? पण काठ माझं ऐकून तासा. तवर तुमच्या लेकाला आत उतरू देणार न्हाय!"

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यानं रागानं कोसळलेल्या मातीकडं पाहिलं. मग कुदळ उचलली आणि काठापासून लांब जमिनीवर रेघ ओढली.

"हितून?"

"अजून मागं."

दातओठ खात तो मागं सरकला.

"पाणी मधीच लागंल न्हवं?" तिनं विचारलं.

"लागंल!" तो खेकसला. "त्यात मला शिकवू नगंस."

"न्हाय शिकवत," तीही तितक्याच जोरात म्हणाली, आणि मातीची पाटी उचलली.