टेहळे, छुपे आणि पंच

साच्यात सहा सोंगट्यांची जागा होती आणि ताईच्या खेळात तुकड्या सात होत्या. वाद एवढाच होता.

ताई, माझी मोठी बहीण, टेबलावर खेळायचे युद्धाचे खेळ रचते. या खेळात एका ओसाड चंद्रावर दोन सैन्यं समोरासमोर येतात. दोन वर्षं ती त्यात बुडालेली होती. खेळ बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकीणबाईंना तो आवडलाही होता. पण सातव्या सोंगटीसाठी दुसरा साचा लागणार, आणि दुसरा साचा त्या करणार नव्हत्या.

"टेहळे ठेव, छुपे काढ," त्या म्हणाल्या. "दोघंही गुपचूप पुढे जाऊन बघून येणारेच. एका कामाला दोन माणसं मी ऑफिसातही ठेवत नाही."

"मॅडम, छुपे बघायला जातच नाहीत."

"मग काय हवा खायला जातात?"

"खेळून दाखवते. सांगायला गेले तर तुम्ही वाद घालाल."

"घालणारच. बरं, टेहळे मी घेते. तुझे छुपे माझ्या मनोऱ्यापर्यंत पोचले तर खेळात राहतील. मी सगळे पकडले तर गेले. मग तोंड पाडून बसायचं नाही."

ताईने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "छुपे गेले की उरते ती नुसती मारामारी," ती म्हणाली. "तसे शंभर खेळ आहेत. तू पंच म्हणून ये. तुला खोटं बोलता येत नाही हे त्यांना तुझ्याशी दोन मिनिटं बोलल्यावर कळेल."

मी प्रकाश मोजणाऱ्या उपकरणांची तपासणी करते. एखादं उपकरण चुकीचा आकडा का दाखवतं, त्यात नको तो प्रकाश कुठून गळतो, हे शोधण्यात माझे दिवस जातात. सोंगट्यांच्या युद्धात मला गती नाही, पण नियम वाचून पाळता येतात. मी गेले.

खोली कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. लांब टेबलावर चंद्र पसरला होता: रंगवलेल्या फोमचे कडे, विवरं, मधून गेलेल्या दऱ्या, आणि एका बाजूला उघडंबोडकं पठार. दोन टोकांना एकेक मनोरा होता आणि त्यांमागे त्या दोघी बसल्या. मी पठाराच्या बाजूला, मधोमध. माझ्यासमोर पुठ्ठ्याचा छोटा आडोसा आणि त्यामागे माझा नकाशा. कोपऱ्यात साचेवाले काका एका सोंगटीची कड कानशीने घासत होते. खेळ संपेपर्यंत खाली जायची त्यांची इच्छा दिसत नव्हती.

नियम सोपे होते. टेहळ्यांच्या तुकड्या सगळ्यांना दिसतात. त्या वेगाने धावतात, पण एका फेरीत एकतर धावायचं, नाहीतर थांबून एका बाजूला बघायचं. छुपे टेबलावर नसतातच. ताई आपल्या दोन्ही छुप्या तुकड्यांची जागा चिठ्ठीवर लिहून मला द्यायची, मी ती नकाशावर मांडायची. ते एका फेरीत एकच घर सरकतात. टेहळ्यांनी नेमकं तिकडे बघितलं, तर मी म्हणायचं, "आहे." मग सोंगटी टेबलावर येते आणि तोफा तिचा निकाल लावतात.

मी एक खबरदारी घ्यायची ठरवली. छुपे जिथे असतील तिथे चुकूनही बघायचं नाही. माझ्या डोळ्यांवरून कोणाला काही कळता कामा नये. ते मी इतक्या काटेकोरपणे पाळत होते की मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

मालकीणबाई सुरेख खेळत होत्या. त्यांचे टेहळे कड्यावरून कड्यावर असे जात की पाहत राहावं. तिसऱ्या फेरीला त्यांनी एक तुकडी अचानक डाव्या टोकाच्या विवराकडे वळवली. तिकडे जायला कारण काहीच नव्हतं.

"इथे बघते," त्या म्हणाल्या.

मला म्हणावंच लागलं, "आहे."

काकांची कानस थांबली. ताईने छुप्यांची सोंगटी विवरात ठेवली: अर्धवट वाकलेला एक सैनिक, टोपी पुढे ओढलेली, एक हात मागे, मागच्यांना थांबवणारा. काकांच्या हातून इतकी जिवंत सोंगटी दुसरी झाली नव्हती. पुढच्या फेरीत तोफांनी ती उचलली.

"एक गेला," मालकीणबाई म्हणाल्या. "काका, चेहरा नका पाडू. तुमच्या टेबलावर शोभेला ठेवा."

"शोभेला माझा जावई आहे," काका म्हणाले.

पुढच्याच फेरीत टेहळ्यांची दुसरी तुकडी ताईच्या उरलेल्या छुप्यांच्या दरीकडे धावली. एक घर अलीकडे थांबली म्हणून ते वाचले.

"आज नेम चांगला लागतोय," मालकीणबाई म्हणाल्या.

ताई टेबलाकडे बघत नव्हती. ती मालकीणबाईंच्या डोळ्यांकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. मग काकांकडून पाण्याची बाटली मागून घेतली, सावकाश प्यायली आणि हसली.

त्यानंतरच्या चिठ्ठ्या मला कळेनात. छुपे दरीतून बाहेर पडले आणि मनोऱ्याकडे जायचं सोडून थेट पठारावर आले. एक दगड नाही, एक विवर नाही. कोणीही नुसती मान वळवली असती तरी खेळ खलास. ताईने धीर सोडला, असं मला वाटलं. ती तुकडी माझ्या आडोशाच्या अगदी पुढून, माझ्यापासून वीतभर अंतरावरून सरकत होती. तिथे बघायचं टाळणार कशी? माझं पेन तिथे, चिठ्ठ्या तिथे, नकाशा तिथेच. मान खाली घातली की डोळ्यांसमोर पठारच.

आणि मालकीणबाई दूरदूरच्या दऱ्या धुंडाळत होत्या. "इथे बघते." नाही. "मग इथे?" नाही. त्यांचे टेहळे आता टेबलाच्या पार दुसऱ्या कडेला होते.

"मॅडम, मी मनोऱ्याशी पोचले," ताई म्हणाली आणि तिने दुसरी वाकलेली सोंगटी मनोऱ्याला टेकवून ठेवली.

"कुठून?"

"या कडेने. पठारावरून."

"उघड्यावरून? अगं, मी बघितलं असतं!"

"मग बघितलं का नाहीत?"

मालकीणबाईंनी आधी पठाराकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून त्या इतक्या जोरात हसल्या की काका दचकले.

"कारण ही पंचबाई सारखी तिथेच बघत होती! पहिल्या दोन फेऱ्यांत माझ्या लक्षात आलं, ही सगळीकडे बघते, फक्त एका विवराकडे बघत नाही. तिथे गेले, तर सापडला. मग टेहळ्यांची गरजच काय? हिच्याकडे बघायचं आणि ही जिकडे बघत नाही तिकडे जायचं."

मी कपाळाला हात लावला. दुसऱ्यांच्या उपकरणांतली गळती शोधणारी मी, इथे स्वतःच गळत होते.

"ही लबाडी झाली," काका म्हणाले.

"पंचाकडे बघू नये असं नियमांत कुठे आहे?"

"नाही, आणि मी लिहिणारही नाही," ताई म्हणाली. "मॅडम, टेहळणी तुम्ही माझ्या टेहळ्यांपेक्षा सरस केलीत. पण टेहळ्याला आपल्याला काय दिसतं एवढंच बघायचं असतं. छुप्याला बघायचं असतं की समोरच्याचा भरवसा कशावर आहे. तुमचा भरवसा छोटीच्या डोळ्यांवर होता, म्हणून मी तिच्या डोळ्यांसमोरून गेले."

मालकीणबाई टेबलावर पुढे वाकल्या. मनोऱ्याशी टेकलेली सोंगटी त्यांनी उचलली, फिरवून बघितली.

"काका, सेनापती काढा साच्यातून."

"सेनापती?"

"तो काय करतो खेळात? उभा असतो. खोक्यावरच्या चित्रात उभा राहील. तिथे यांना बसवा."

काकांनी छुप्याला हातात घेतलं, कोपऱ्यात गेले आणि पुन्हा कानस उचलली. या वेळी कानशीचा आवाज जास्तच झपाझप येत होता.

जिना उतरताना मी ताईला विचारलं, "त्या माझ्याकडे बघून खेळतायत हे तुला इतक्या लवकर कसं कळलं?"

"मीही तेच करायचे ना. आई खाऊचा डबा लपवायची तेव्हा तुला ठाऊक असायचं कुठे आहे. तू त्या कपाटाकडे पाठ करून जेवायला बसायचीस."

मी जिन्यातच थांबले. "आणि इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं," ताई दोन पायऱ्या खालून म्हणाली, "तर मला खाऊ मिळाला असता का?"