पान एकेचाळीसवरची चूक

मित्रांनो, मोटारीची कामे शिकवणारे मी एक जुने पुस्तक. कणा मोडला आहे, पानांना ग्रीसचा वास येतो, आणि खरे सांगायचे तर कुणी उघडले की आता कंटाळाच येतो.

बॅलरट गावच्या अँब्रोज पेटिफर यांनी मला १९१२ साली लिहिले. स्वतःच्या हाताने केल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही, हा त्यांचा नियम. प्रत्येक नट त्यांनी आपल्या गाडीवर खोलला, लावला, मगच लिहिला. माझी फार स्तुती झाली. ज्यांच्याकडे मोटार नव्हती त्यांनी तर जास्तच केली.

मी पोचलो हॉर्शम गावाजवळच्या नर्स ट्रेगियर यांच्याकडे. बाळंतपणांसाठी त्या चाळीस-चाळीस मैल एकट्या गाडी हाकत. माझ्या पान एकेचाळीसवर लिहिले होते : 'इंजिन सुरू करायला हँडल मारण्यापूर्वी ठिणगीचा दांडा वर करावा, म्हणजे ठिणगी उशिरा पडते.' त्यांनी केला. त्यांच्या गाडीत मात्र वर केला की ठिणगी लवकर पडे. त्यामुळे इंजिन उलटे फिरले, हँडलने हिसका दिला आणि उजवे मनगट मोडले. दोन बायकांचे दिवस भरत आले होते. नर्सबाई गाडी विकायला निघाल्या आणि तसे दोन ओळींत लेखकाला कळवले.

पेटिफर मास्तर पुढच्याच आगगाडीने आले.

"माझी गाडी तुम्ही कधी पाहिली होती का?" नर्सबाईंनी डाव्या हाताने चहा ओतत विचारले.

"नाही."

"मग एवढं छातीठोक कसं लिहिलंत, मास्तर?"

निम्मा चहा बशीत सांडला होता. मास्तर तो बशीतूनच प्यायले. मग कबूल केले, की त्यांचे विमानांवरचे पुस्तक छापखान्यात गेले आहे आणि तेही एकाच विमानावर शिकून लिहिले आहे.

"तिथं मनगटावर भागणार नाही," नर्सबाई म्हणाल्या.

मास्तरांनी तार करून छपाई थांबवली. मनगट बरे होईपर्यंत सहा आठवडे त्यांनी नर्सबाईंची गाडी चालवली. दोन्ही बाळंतपणे वेळेवर पार पडली. गाडी विकली गेली नाही. जाताना त्यांनी माझी ती ओळ खोडून पेन्सिलीने लिहिले : 'दांडा कुठल्या बाजूला, ते आपल्या गाडीत पाहावे. मला विचारू नये.'

विमानांचे पुस्तक पाच वर्षांनी निघाले.

म्हणून मित्रांनो, मला कव्हर घालून कपाटात जपू नका. गाडीपाशी न्या, पडताळून पाहा. चूक दिसली तर खुशाल खोडा. मला दुखत नाही.