पाच महिने सत्तावीस दिवस

मी एक जुना पासपोर्ट आहे, मित्रांनो. तांबड्या कव्हरचा, फिलिपिन्सचा. मुदत संपली तेव्हा मला दोन भोकं पाडली आणि माझ्या लिगायाला नवा कोरा मिळाला. गरज सरो, वैद्य मरो! तरी तिनं मला टाकलं नाही. इटलीत, बोलोन्यातल्या तिच्या खोलीत, चोराला सापडू नये म्हणून, नव्या बुटातल्या मोज्यात माझा मुक्काम असे.

लिगाया इथे म्हाताऱ्यांची सेवा करते. पाच वर्षं भरली, तसा तिनं कायमच्या रहिवासासाठी अर्ज केला. कचेरीतून निरोप आला: मध्ये सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिला नाहीत, हे जुन्या पासपोर्टवरून दाखवा. उद्या सकाळी नऊला या.

आणि मी होतो खोक्यात! आमची माणसं घरी भलंमोठं खोकं पाठवतात: साबण, चॉकलेटं, मांसाचे डबे. त्यात बोटभर जागा रिकामी ठेवणं म्हणजे पाप. धाकट्या बहिणीनं, मारिसेलनं मला बुटासकट आत दाबलं होतं आणि वर चिकटपट्टीचे दहा वेढे घातले होते. जहाजानं दोन महिने लागणार होते. बाहेर कपाटं आपटत होती.

"ताई, गादीखाली बघितलंस?"

"तीनदा! अगं, त्या काळ्या बुटात होता."

"नव्या?" मारिसेलचा आवाज बसला. "ते मी भाच्यासाठी घातले. खोक्यात."

"भवाने!"

तेवढ्यात घंटा वाजली. खोकं न्यायला माणूस आला आणि त्यानं ते उचललंसुद्धा. माझी पानं भीतीनं गारठली.

"दादा, ठेवा ते खाली! मारिसेल, कात्री आण!"

"ताई, अजून अकरा घरं आहेत मला," तो कुरकुरला.

"थांबतील अकरा घरं. माझं एकच आहे!"

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या खिडकीमागच्या बाईंनी मनिलाचे शिक्के बोटांवर मोजले. "पाच महिने सत्तावीस दिवस. वेळेत परतलात हो, नशीबवान आहात."

लिगाया गप्प राहिली. तिचा अंगठा मनिलाहून निघतानाच्या शिक्क्यावर होता. तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती. डॉक्टर म्हणाले होते, आठवडाभर काढेल. सहा महिने भरायला लिगायाच्या हाती तीनच दिवस उरले होते. ती निघाली, आणि चौथ्या दिवशी आई गेली.

कायमच्या रहिवासाचं कार्ड आलं तेव्हा मारिसेल म्हणाली, "आता सहा महिन्यांची कटकट नाही, ताई. घरी निवांत राहून ये."

"कुणापाशी?" लिगायानं विचारलं.

आता मी आईच्या फोटोमागे राहतो. मित्रांनो, जुने पासपोर्ट जपून ठेवा. आणि एखाद्या शिक्क्यावर अंगठा ठेवून कुणी गप्प बसलं, तर त्याला घाई करू नका.