मालकाच्या जागी आकडा

तारापूरच्या रंगाच्या कारखान्यात दमयंती एकोणीस वर्षं सर्व्हर सांभाळत होती. पूर्वी तिने खुर्ची ओढायच्या आत दारात कुणीतरी उभं असायचं, "ताई, एस ड्राइव्ह दिसत नाय!" सगळ्यांच्या फायली त्याच ड्राइव्हवर असत. मग ऑफिस पुण्याला गेलं. सर्व्हरच्या खोलीत एसीची घरघर आणि ती, एवढंच उरलं. आता सर्व्हरही हलणार होता. कुणी कुठलं फोल्डर उघडायचं, हे यापुढे पुण्याहून ठरणार होतं.

जुन्या परवानग्या तपासताना एका फोल्डरवर ती अडली. मालकाच्या जागी नावाऐवजी लांबलचक आकडा होता. माणूस नोकरी सोडून गेला, त्याचं खातं पुसलं, की मागे एवढंच राहतं. तिने मालकी स्वतःकडे घेऊन फोल्डर उघडलं. लॅबमधल्या हिना राऊतच्या रंगछटांच्या नोंदी, आणि खाली 'आई' नावाचं एक रेकॉर्डिंग. तिने ते लावलं. एक बाई बोंबील साफ करता करता कुणाला तरी हसून रागावत होती. दमयंतीने चटकन बंद केलं. मालकी घेतली म्हणून ऐकायचा हक्क थोडाच मिळतो?

तिने पुण्याच्या ऑफिसमधल्या चिरागला विचारलं. "खासगी असेल तर पाठवा त्यांना, मग डिलीट करा," तो म्हणाला.

जुन्या वहीत नंबर सापडला. हिना आता सफाळ्याला होती.

"कोण दमयंती?"

"एस ड्राइव्हवाली."

"हां, ताई! बोला ना."

दमयंतीने रेकॉर्डिंगचं सांगितलं. "आईला जाऊन चार वर्षं झाली, ताई. तिचा आवाज माझ्याकडं कुठंच नाय. मी येते एकदा तुमाला भेटायला. शनिवारी."

दमयंतीने फाइल पाठवली. उत्तरात जोडलेले हात आले.

शनिवारी तिने डब्यात चार घावणे जास्त घेतले. दुपार टळली, हिना आली नाही. फोन करावा असं दोनदा वाटलं, पण आईचा आवाज ऐकत बसली असेल, असं म्हणून तिने केला नाही.

सोमवारी पुण्याहून परवानग्यांची नवी यादी आली. दमयंतीच्या नावापुढे लिहिलं होतं : फक्त वाचू शकते. तिने जुना सर्व्हर बंद केला. घरघर थांबली तशी बाहेरच्या रस्त्यावरचे टँकर ऐकू येऊ लागले. खोलीला कुलूप लावून, किल्ली गेटवर देऊन ती घरी जायला सालवडच्या रिक्षात बसली.